पित्ताच्या गोळीआड

जठराची दुर्बिणीतून तपासणी करण्याच्या कामात एक उत्तर इतक्या वेळा कानावर पडते की ते पाठ होऊन जाते. कर्करोगाची गाठ सापडलेल्या रुग्णाला विचारावे, त्रास कधीपासून होता? तो किंवा त्याच्या घरचे सांगतात, 'तसा त्रास नव्हताच. थोडं पित्त व्हायचं, गोळी घेतली की बरं वाटायचं.' खोदून विचारले की हे थोडे पित्त सहा महिन्यांचे, कधी वर्षभराचे निघते. या काळात रुग्ण डॉक्टरांकडे जाऊन आलेला असतो, औषध घेतलेले असते, पुष्कळदा सोनोग्राफीही झालेली असते. कोणी मुद्दाम हयगय केलेली नसते. रुग्ण, घरचे, औषधवाला, डॉक्टर, सगळे त्या त्या वेळी शहाणपणाचे वाटेल असेच वागलेले असतात, आणि तरीही गाठ जठराच्या भिंतीच्या पलीकडे गेलेली असते. हे पुन्हा पुन्हा घडत असेल तर दोष एखाद्या माणसात शोधून भागणार नाही. आपण सगळे ज्या खुणेकडे पाहत बसतो ती खूणच चुकीची आहे, असे मानावे लागेल. इतक्या वर्षांच्या कामातून माझे मत बनले ते असे: जठराचा कर्करोग लवकर ओळखायचा असेल तर त्रास किती जोराचा आहे हे पाहू नये. तो नवा आहे का, कोणत्या वयात सुरू झाला आणि किती दिवस रेंगाळला, हे पाहावे.

वेदनेपासून सुरुवात करू. मोठा आजार मोठे दुखणे घेऊन येतो, हे आपल्या मनात घट्ट बसलेले आहे. जठराच्या बाबतीत ते खरे नाही, आणि त्याचा पुरावा एंडोस्कोपीच्या खोलीत रोज मिळतो. तपासणीत एखादी जागा संशयास्पद दिसली की बारीक चिमट्याने तिचे सहा-आठ तुकडे घेतात. बहुतेक वेळा रुग्ण जागा असतो, घशात बधिर करणारा फवारा मारलेला असतो एवढेच. तरी तुकडा तुटल्याचे त्याला समजतही नाही. जठराच्या आतल्या अस्तराला कापल्याची, तोडल्याची वेदना होत नाही. ताण, आवळणे आणि आम्लामुळे सुजलेल्या जागेची जळजळ तेवढी जाणवते. ज्या अस्तरात कर्करोग जन्म घेतो तेच असे मुके आहे. शिवाय जठर भरपूर ताणले जाते. पोटभर जेवणानंतर एक-दीड लिटर अन्नपाणी ते सहज सामावून घेते. गाठ वरच्या तोंडाशी असेल तर घास अडकतो, खालच्या दाराशी असेल तर पोट तुंबून उलट्या होतात, पण मधल्या प्रशस्त भागातली दोन सेंटीमीटरची गाठ कोणाचीही वाट अडवत नाही. जपानी तज्ज्ञांनी १९६२ साली सुरुवातीच्या जठर-कर्करोगाची व्याख्या केली: अस्तर आणि त्याच्या लगतचा थर, एवढ्यापुरताच असलेला. या अवस्थेत उपचार झाले तर शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात, आणि निवडक रुग्णांत तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच ती जागा सोलून काढता येते. आजार यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरल्यानंतर पाच वर्षे काढणारे शंभरात दहाही नसतात. परिणामांत इतके अंतर असलेल्या या दोन अवस्थांत रुग्णाला स्वतःला जाणवणारा फरक कित्येकदा अगदी थोडा असतो.

आता गोळीकडे वळू. पोटातल्या व्रणावर प्रभावी औषध सत्तरच्या दशकापर्यंत जवळजवळ नव्हते. मग सिमेटिडीन आले; त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आले आणि त्याच्या पाठोपाठ पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल. या औषधांनी व्रणाच्या शस्त्रक्रिया जवळपास संपवल्या आणि रक्तस्रावाने दगावणारे असंख्य जीव वाचवले. त्यांच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. माझी तक्रार त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल आहे. गोळीने बरे वाटले, अर्थात ते साधे पित्तच होते, असे रुग्ण समजतो आणि पुष्कळदा डॉक्टरही समजतात. हे तर्काला धरून नाही. कर्करोगाच्या जागी अस्तर खरवडले जाऊन व्रण पडतो, त्या व्रणाला आम्ल लागून जळजळ होते आणि गोळी ते आम्ल कमी करते. जळजळ थांबते, व्रण वरवर भरूनही येतो, गाठ तशीच राहते. कर्करोगाचा व्रण भरतो, पुन्हा उघडतो, पुन्हा भरतो, हे चक्र जपानी निरीक्षकांनी फार पूर्वी नोंदवले आहे, आणि आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी ते निदानाच्या आड येते हेही वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा छापून आले आहे. ओल आलेल्या भिंतीला रंग दिला की डाग काही महिने दिसत नाही, ओल मात्र आत चढतच असते. पूर्वी औषध निकामी असल्यामुळे चिवट तक्रारीचा रुग्ण नाइलाजाने बेरियमच्या क्ष-किरण तपासणीपर्यंत पोहोचायचा. आज तो औषधाच्या दुकानातून दहा गोळ्यांची पट्टी घेऊन घरी जातो, ती संपली की दुसरी आणतो, आणि पट्ट्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. तपासणीची वेळ आली तरी गोळीचा परिणाम संपत नाही. भरत आलेला व्रण साध्या व्रणासारखाच दिसतो, आणि म्हणून जठरातल्या कोणत्याही व्रणाचे तुकडे तपासावेत व दोनेक महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घालून तो पूर्ण भरला का ते पाहावे, अशी शिस्त आहे. ही दुसरी तपासणी आपल्याकडे फार वेळा राहून जाते, कारण तोपर्यंत रुग्णाला बरे वाटत असते.

मग पाहायचे काय? या आजाराच्या सुरुवातीच्या खुणा बहुधा पोटात जाणवण्याआधी ताटात दिसतात. दोन भाकरी खाणारा माणूस दीड भाकरीवर थांबतो. भूक लागते, पण चार घास खाल्ले की पोट गच्च झाल्यासारखे वाटते आणि ताट सरकवावेसे वाटते. मटण-मासळी आवडीने खाणाऱ्याला एकाएकी त्याचा वासही नकोसा होतो. जेवणानंतर पोट जड राहते, करपट ढेकर येतात, दुपारचे अन्न संध्याकाळपर्यंत छातीशी असल्यासारखे वाटते. यातली एकही गोष्ट घाबरवणारी नाही, आणि प्रत्येकीला सोयीचे कारण तयार असते: वय झाले, उन्हाळा आहे, लग्नसराईत तेलकट खाल्ले, मुलीच्या परीक्षेची काळजी आहे. कमी खाणे हा तर आपल्याकडे गुणच मानला जातो. उतारवयात आहार कमी झाला की लोक कौतुक करतात. वजनाचेही तसेच. जो माणूस काटा कधी पाहत नाही त्याला वजन उतरल्याचे कळते ते पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते तेव्हा, किंवा वर्षातून एकदा भेटणारा नातेवाईक 'बारीक झालास' म्हणतो तेव्हा. आणि मधुमेहाच्या रुग्णाला तर 'शाबास, पथ्य लागू पडलं' असे म्हटले जाते. प्रयत्न न करता सहा-आठ महिन्यांत वजनाच्या पाच टक्के घट, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, ही तपासणीला पुरेशी बाब आहे. हे बदल रुग्णाआधी जेवण वाढणाऱ्याच्या लक्षात येतात. तपासणीच्या खोलीत रुग्ण 'काही नाही, थोडा गॅस' म्हणत असताना शेजारी उभी असलेली पत्नी किंवा सून ताटात काय उरते ते नेमके सांगते. तिचे ऐकणे हा या कामातला अत्यंत उपयोगी भाग आहे, असे मला वाटते. सासू कमी जेवायला लागली की सून घरात ते बोलून दाखवते, पण दवाखान्यात तिला कोणी विचारत नाही. आणि जेवण करणारी स्वतःच आजारी असेल तर तिच्या ताटाकडे पाहायला कोणी नसते.

दुसरी खूण रक्ताची. जठरातल्या गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपत असते, ते अन्नात मिसळते आणि डोळ्यांना दिसत नाही. महिन्यांनी दिसते ते परिणामाच्या रूपात: जिना चढताना धाप, शेतातून घरी येताना मध्येच बसावेसे वाटणे, चेहऱ्यावर फिकटपणा, तपासणीत हिमोग्लोबिन आठ किंवा नऊ. येथे आपली परिस्थिती रुग्णाच्या विरोधात जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना आणि २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय आहे. जिथे रक्त कमी असणे ही रोजचीच बाब आहे तिथे त्याचे कारण शोधायची सवय राहत नाही. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढतेही, आणि सगळे निर्धास्त होतात. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीबाबत हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु पाळी थांबलेल्या स्त्रीच्या किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाच्या शरीरातले लोह कमी झाले असेल, तर ते कुठून तरी गळते आहे असे धरून चालावे लागते, आणि गळतीची बहुधा पहिली जागा अन्नमार्ग असतो. जठर आणि मोठे आतडे दोन्ही पाहिल्याशिवाय अशा माणसाला नुसते टॉनिक देत राहणे बरोबर नाही. रक्तस्राव वाढला की शौचाला डांबरासारखी काळी, चिकट आणि विशिष्ट उग्र वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण ती चिकट नसते आणि तो वास येत नाही. शौचाबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते, आणि या लाजेपायी आठवडेच्या आठवडे जातात.

तपासण्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण चुकीच्या तपासणीने दिलेला दिलासा गोळीच्या दिलाशाइतकाच महागात पडतो. पोटाची तक्रार आली की सोनोग्राफी सांगितली जाते. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांसाठी ती उत्तम आहे. जठरात हवा असते, हवेवरून ध्वनिलहरी परततात, आणि अस्तरातली सुरुवातीची गाठ तिला दिसत नाही. भिंत चांगलीच जाड झाली तर एखादे वेळी संशय येतो. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' या वाक्याचा अर्थ 'जठर ठीक आहे' असा होत नाही, हे रिपोर्ट देताना रुग्णाला सांगायला हवे. याहून फसवी गोष्ट पित्ताशयातल्या खड्यांची. खडे पुष्कळांना असतात आणि बहुतेकांना त्रास देत नाहीत. पण पोट जड वाटते म्हणून सोनोग्राफी झाली, खडे दिसले, म्हणजे कारण सापडले, असे सगळ्यांना वाटते. पित्ताशय काढले जाते, तक्रार तशीच राहते, मग 'ऑपरेशननंतर थोडे दिवस असं होतंच' म्हणून आणखी काही महिने जातात. पंचेचाळिशीपुढच्या ज्या रुग्णाचे दुखणे खड्याच्या दुखण्यासारखे ठसठशीत नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेआधी एकदा जठर पाहून घेणे मला आवश्यक वाटते. कर्करोगाच्या म्हणून केल्या जाणाऱ्या रक्ताच्या चाचण्यांचाही सुरुवातीच्या अवस्थेत भरवसा नाही. जठराच्या आत काय आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी हाच आहे. तीही धावपळीत उरकून चालत नाही. सुरुवातीची गाठ पुष्कळदा गाठीसारखी दिसतच नाही. रंगातला किंचित फरक, एक उथळ खड्डा, घडीचे तुटलेले टोक, एवढेच असते. जठर धुऊन, हवा भरून, कानाकोपरा पाहण्यासाठी काही मिनिटे द्यावीच लागतात.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप वैद्यकाच्या पुस्तकांतूनच येतो. धोक्याची लक्षणे ठरलेली आहेत, असे त्यात सांगितलेले असते: गिळायला त्रास, सारख्या उलट्या, रक्ताची उलटी, झपाट्याने वजन घटणे, पोटात हाताला लागणारी गाठ. ही दिसेपर्यंत थांबावे, दिसली की तपासावे. ही लक्षणे महत्त्वाची आहेत याबद्दल वाद नाही, आणि त्यांतले एकही दिसले तर वय न पाहता लगेच तपासणी व्हावी. पण ती लवकरची लक्षणे नव्हेत. ज्या वेळी गाठ वाट अडवण्याइतकी मोठी होते त्या वेळी ती बहुधा स्नायूंच्या थरात किंवा त्यापुढे गेलेली असते. जुन्या वैद्यकाने नोंदवलेल्या प्रसिद्ध खुणा पाहिल्या तर हे आणखी स्पष्ट होते. डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ व्हिर्खो यांच्या नावाने ओळखली जाते. बेंबीतली टणक गाठ सिस्टर मेरी जोसेफ यांच्या नावाने ओळखली जाते; अमेरिकेत विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या या परिचारिकेच्या लक्षात आले की ज्यांच्या बेंबीत अशी गाठ लागते त्यांच्या पोटात आजार आधीच पसरलेला असतो. या निरीक्षणांना मोल आहे, पण ती सगळी हाताबाहेर गेलेल्या आजाराची आहेत. अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांतही आढळले आहे की धोक्याच्या लक्षणांवर विसंबून कर्करोगाचे रुग्ण वेगळे काढायला गेले तर बरेच निसटतात, आणि जे सापडतात त्यांत आजार बहुधा वाढलेला असतो. याच्या उलट जपानकडे पाहावे. तिथे १९८३ पासून देशभर बेरियमची सामूहिक तपासणी सुरू झाली, २०१६ पासून पन्नाशीपुढच्या लोकांसाठी एंडोस्कोपीचाही पर्याय अधिकृतपणे आला. दक्षिण कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणी होते. या देशांत निम्म्याहून अधिक रुग्ण सुरुवातीच्या अवस्थेत सापडतात. त्यांचा कर्करोग आपल्यापेक्षा सौम्य आहे म्हणून असे होत नाही. लक्षणाची वाट न पाहता ते आत डोकावतात, म्हणून होते.

यावर लगेच विचारले जाते, आणि रास्तच विचारले जाते, की जपानचे गणित भारताला कसे लावणार? आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. जागतिक अंदाजानुसार २०२० साली भारतात सुमारे ६० हजार नवे रुग्ण होते. आपल्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा मोठा नाही. पित्ताची तक्रार तर घरटी आहे. प्रत्येकाच्या घशात दुर्बीण घालायची म्हटली तर सगळी रुग्णालये त्याच कामाला लागतील, आणि हजारो तपासण्या निरर्थक ठरतील. सरसकट सामूहिक तपासणीला माझाही विरोध आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, जठराची नाही, आणि महाराष्ट्रापुरते ते योग्यच आहे. मिझोरामची गोष्ट वेगळी. ऐझॉलमध्ये हा कर्करोग देशात सर्वाधिक प्रमाणात आढळतो, तिथल्या धुरावलेल्या मांसाचा आणि तुइबुर नावाच्या तंबाखूच्या धुराने भारलेल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध अभ्यासांत दिसला आहे, आणि तिथे वेगळे धोरण हवे. पण सामूहिक तपासणी नको म्हणणे आणि तक्रार घेऊन समोर आलेल्या पन्नाशीच्या माणसाला तपासू नये म्हणणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. वयाची चाळणी लावली की संख्या आटोक्यात येते. विसाव्या वर्षापासून कधीमधी पित्त होणारा, वजन टिकून असलेला तिशीचा माणूस औषधावर ठेवायला हरकत नाही. ज्याला आयुष्यभर पोटाची तक्रार माहीत नव्हती आणि पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाली, ती तीन-चार आठवड्यांत गेली नाही किंवा गोळी थांबवताच परत आली, त्याचे जठर पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा साठ वर्षांची आहे, ब्रिटनमध्ये वजन घटलेल्या रुग्णांसाठी पंचावन्नची. आपल्याकडे हा आजार त्यांच्यापेक्षा कमी वयात भेटतो, म्हणून मी पंचेचाळीस धरतो. यातल्या बहुतेकांचे रिपोर्ट निर्धोक येतील हे मला माहीत आहे. पण त्यांना निरर्थक म्हणणे मला पटत नाही. अशा तपासणीत व्रण सापडतात, जंतुसंसर्ग सापडतो, आणि काही नाही सापडले तर पुढची औषधे निर्धास्तपणे देता येतात.

जंतूंचा उल्लेख आला म्हणून, हा आजार फक्त व्यसनांमुळे होतो या समजुतीबद्दल थोडे. 'मी शाकाहारी, दारू नाही, तंबाखू नाही, मला कसा होईल?' हा प्रश्न निदानानंतर हमखास येतो, आणि निदान लांबण्यामागेही तोच विश्वास असतो. तंबाखू आणि फार खारट, खारवलेले, धुरावलेले अन्न यांनी धोका वाढतो हे खरे. तिखटावर मात्र आपण जितका दोष टाकतो तितका पुरावा नाही. सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो शोधला. कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ साली त्याचे संवर्धित द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ साली नोबेल मिळाले. त्याआधी १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जंतू कर्करोगकारक ठरवला होता. बहुतेक भारतीयांना त्याची लागण लहानपणी घरातच होते, तिथे शाकाहार-मांसाहार हा भेद राहत नाही. लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांना कर्करोग होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यात आधी अनेक वर्षे जुनाट सूज, अस्तर विरळ होणे, अस्तराचे रूप बदलणे अशा पायऱ्या चढल्या गेलेल्या असतात. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर धोका दुपटी-तिपटीने वाढतो. अशा नातेवाइकांमध्ये जंतूवर उपचार केल्यास फायदा होतो का, हे पाहणारी कोरियातली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. ज्यांचा जंतू औषधाने गेला त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते. घरात असा रुग्ण असेल तर बाकीच्यांनी या जंतूची चाचणी करून घेणे हे मला स्वयंपाकघरातल्या सगळ्या पथ्यांपेक्षा मोलाचे वाटते. आणि अशा घरातल्या तरुणाची तक्रार वयाच्या चाळणीत टाकू नये. काही घराण्यांत हा आजार जनुकातून उतरतो आणि तिशीतही गाठतो. जठराची भिंतच सरसकट कडक करणारा एक प्रकार तरुण वयातही दिसतो, आणि त्यात अस्तरावर डोळ्यात भरण्यासारखे फार थोडे असते.

भीती पसरेल, असाही आक्षेप आहे. पोटात गुडगुडले तरी लोक कर्करोग म्हणून धावतील. माझा अनुभव वेगळा आहे. भीती असते ती मोघम माहितीची. 'पोटाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका' या वाक्याने भित्रा माणूस दर आठवड्याला डॉक्टर बदलतो आणि बेफिकीर माणूस काहीच करत नाही. अमुक वय, नवी तक्रार, अमुक मुदत, असे निश्चित सांगितले की दोघांनाही कळते आपण कुठे आहोत. खरी भीती तपासणीची असते, आणि ती दूर करता येते. सहा-आठ तास उपाशी राहायचे, घशात फवारा मारून घ्यायचा, कुशीवर झोपून श्वास शांत घ्यायचा. पाच-दहा मिनिटांत काम होते. मळमळ आणि घशाशी ओढ जाणवते, श्वास अडकत नाही, कारण नळी श्वासमार्गात जातच नाही. हवी असल्यास गुंगीचे इंजेक्शन देता येते. 'तुकडा काढला की पसरतो' ही समजूत मात्र फार नुकसान करते. जठराच्या अस्तराचा तुकडा घेतल्याने कर्करोग पसरत नाही. तुकडा घेतला, कर्करोग निघाला आणि चार महिन्यांनी रुग्ण गेला, हा क्रम लोकांनी पाहिलेला असतो आणि दोष तुकड्यावर येतो. तो माणूस तपासणीला उशिरा आलेला होता, ही त्यातली खरी गोष्ट बाजूला राहते. खर्चाचा प्रश्न खरा आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते, आणि कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्याच्या उपचारांचा समावेश आहे. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात मजुरीचा दिवस बुडतो, सोबत कोणाला तरी न्यावे लागते, आणि म्हणूनच माणूस दहा गोळ्यांच्या पट्टीवर भागवतो. गावातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णाला तारीख घेऊन, चिठ्ठी देऊन पाठवले तर त्याची एक फेरी तरी वाचते.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. पित्ताची गोळी लिहिताना तिच्यापुढे ती कधी थांबवायची हेही लिहा, आणि थांबवल्यावर काय झाले हे पुढच्या भेटीत विचारा. रुग्णाचे वजन प्रत्येक भेटीत केसपेपरवर टाका. औषधविक्रेत्यांनी तीच पट्टी तिसऱ्यांदा मागणाऱ्या पन्नाशीच्या गिऱ्हाइकाला 'एकदा डॉक्टरांना दाखवा' एवढे म्हटले तरी पुष्कळ होईल. आणि वाचकहो, तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरातल्यांपैकी कोणी पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि पित्ताची गोळी महिन्याहून अधिक काळ चालू असेल, तर ती कधी सुरू झाली, कोणी सांगितली आणि थांबवल्यावर काय होते, हे एका कागदावर लिहा. गेल्या वर्षीचे आणि आजचे वजन त्याखाली लिहा, हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा लिहा, जवळच्या नात्यात कोणाला पोटाचा कर्करोग झाला होता का ते लिहा, आणि तो कागद घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा.